चिमणीएवढं म्हणजे केवढं? (लहान मुलं आणि बागेतले पक्षी)

काडीकाडी

तीन ते सात वर्षांच्या मुलांना पक्षी ओळखायला शिकवायचं म्हटलं की बहुतेक ठिकाणी भिंतीवर तक्ता लागतो. चोवीस चौकटी, चोवीस चित्रं, खाली नावं. प्रत्येक चौकट सारखी, त्यामुळे शिंजीर (फुलांतला मध पिणारा इवलासा पक्षी) आणि कावळा एकाच मापाचे. मूल तक्ता पाठ करून बागेत येतं आणि समोर उडणारं काहीच त्याच्याशी जुळत नाही.

म्हणून क्रम उलटा करा. आधी माप, मग चाल, मग आवाज. नाव सगळ्यात शेवटी आणि शक्यतो मुलानेच विचारल्यावर. मापाचे दोन खेळ देतो, बाकीच्यांनी भर घालावी.

पहिला खेळ दोऱ्यांचा. चार रंगांच्या जाड सुती दोऱ्या घ्या. १० सेंमी (शिंजीर), १५ सेंमी (चिमणी), २५ सेंमीला जरा कमी (साळुंकी) आणि ४० सेंमी (कावळा). हे माप चोचीच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंतचं. दोन्ही टोकांना गाठ मारायची असल्याने कापताना ४ सेंमी जास्त ठेवा. नायलॉनची दोरी नको, ती वेटोळं घालते आणि माप हरवतं. बागेत गेल्यावर एकच प्रश्न विचारायचा: "हा कुठल्या दोरीचा?"

हे कुठे फसतं? झाडाच्या शेंड्यावर. उंचावरचा कावळा मुलांना चिमणीच्या दोरीचा वाटतो, कारण अंतर लक्षात घेऊन माप ठरवणं या वयात जमत नाही. पहिले काही दिवस फक्त जमिनीवरचे, पाच-सहा मीटरच्या आतले पक्षी मोजा.

दुसरा खेळ वजनाचा. पक्षी दिसतो त्यापेक्षा फार हलका असतो, हे सांगून कळत नाही, हातात घ्यावं लागतं. जाड कापडाच्या पुरचुंड्यांत कोरडी वाळू भरा: ८ ग्रॅम शिंजीर, २५ ग्रॅम चिमणी, ११० ग्रॅम साळुंकी, ३०० ग्रॅम कावळा. कापडाचं वजन त्यातच धरायचं. वाळू आधी उन्हात खडखडीत वाळवा, नाहीतर ओलावा उडाल्यावर वजन घटतं. स्वयंपाकघरातले डिजिटल काटे सावकाश पडणारे चार-पाच ग्रॅम पुष्कळदा नोंदवतच नाहीत. त्यासाठी काट्यावर आधी एखादी वाटी ठेवा, आकडा पाहून घ्या आणि मग तिच्यात वाळू टाका. शिवण दुहेरी घाला, कारण तीन वर्षांचं मूल पुरचुंडी आधी तोंडातच घालतं.

मुलाला डोळे मिटायला सांगून एका तळव्यावर शिंजीर ठेवा, दुसऱ्यावर कावळा. कावळ्याचा हात खाली जातो. शिंजीर ठेवलेली मूठ मात्र मूल दोन-तीनदा उघडून बघतं, आत काही आहे की नाही म्हणून.

---

मधलीसुट्टी

धागा उत्तम. वर्गाच्या बाजूने तीन प्रश्न. तीस मुलं एकदम बागेत नेली तर पक्षी उरत नाहीत, तेव्हा गट केवढे करावेत? किती वेळ बसवावं? आणि दुर्बीण कुठल्या वयापासून द्यावी?

---

शेपटीवाला

गट पाच-सहाचा आणि प्रत्येकामागे एक मोठं माणूस. तीस मुलं असतील तर एक गट बागेत, बाकीचे दुसऱ्या कामात, आणि आळीपाळी. सगळ्यांना एकदम नेऊन "शांत बसा" म्हणणं हा मुलांवर अन्याय आहे.

वेळ: चार वर्षांच्या मुलांना सलग पाच मिनिटं, सहा-सात वर्षांच्यांना दहा. त्यानंतर उठून पळायची मुभा, मग पुन्हा पाच मिनिटं. सूर्योदयानंतरचे पहिले दोन तास सगळ्यात चांगले, त्याखालोखाल संध्याकाळ. भर दुपारी पक्षीही सावलीत गप्प असतात. तेव्हा नेलेली मुलं "इथे काही नसतं" एवढंच शिकून परततात.

बसायचं ते भिंतीला किंवा जाड खोडाला पाठ टेकून. उघड्यावर उभी असलेली आकृती पक्ष्याला लांबून कळते, मागे काही असेल तर तिची कडा मोडते. कपड्यांच्या रंगावरून फार वाद घालू नये. हलणारा हात रंगापेक्षा कितीतरी जास्त घात करतो. बोट दाखवायचंच नाही असा नियम करा. त्याऐवजी घड्याळ: समोरचं झाड बारा, फाटक तीन. ज्यांना घड्याळ येत नाही त्यांच्यासाठी "फाटकाच्या बाजूला, खालच्या फांदीवर" पुरतं.

आता दुर्बीण. सहाच्या आत नको. मोठ्यांची ८×४२ दुर्बीण (८ पट मोठं दाखवणारी, पुढचं भिंग ४२ मिमीचं) पाऊण किलोच्या आसपास भरते, लहान हातात ती थरथरते आणि चित्र नाचतं. त्याहून मोठी अडचण डोळ्यांमधल्या अंतराची आहे. बऱ्याच दुर्बिणी ५६ मिमीच्या खाली मिटतच नाहीत आणि लहान मुलांच्या बाहुल्यांमधलं अंतर ५० मिमीच्या आसपास असतं. मुलाला दोन काळे गोल दिसतात. बिचारं "दिसलं" म्हणून मोकळं होतं, कारण सगळे तसंच म्हणतायत. मुलांसाठी घेताना ६ पट पुरे, वजन ३०० ग्रॅमच्या आत हवं आणि सगळ्यात कमी डोळे-अंतर किती हे डब्यावर वाचूनच घ्या.

तोवर पुठ्ठ्याच्या दोन नळ्या चिकटवून दिल्या तरी काम होतं. त्यातून मोठं दिसत नाही, पण आजूबाजूचं झाकलं जातं आणि नजर एका जागी धरायची सवय लागते. खऱ्या दुर्बिणीत हाच भाग अवघड असतो: आधी नुसत्या डोळ्यांनी पक्षी पकडायचा, नजर न हलवता नळी डोळ्यांसमोर आणायची. खरी दुर्बीण हातात आल्यावर एक नियम कायमचा: सूर्याकडे रोखायची नाही, कधीच. सूर्य घराच्या किंवा झाडाच्या आड असेल अशीच जागा निवडा.

---

ओली_माती

चालीबद्दल लिहितो, कारण चाल मुलांना स्वतःच्या पायांनी करून बघता येते. चिमणी दोन्ही पाय जोडून उड्या मारते. साळुंकी एकापुढे एक पाय टाकत चालते. कावळा दोन्ही करतो, घाईत असला की तिरक्या उड्या. धोबी पक्षी तुरुतुरु पळतो, थांबतो, शेपटी वरखाली हलवतो. एकेक चाल मुलांनी करून दाखवायची आणि बाकीच्यांनी पक्षी ओळखायचा. पाच मिनिटं स्थिर बसल्यानंतरची मोकळीक यातच भागते.

आणि तीच चाल जमिनीवर छापून घ्यायची.

ठशांचा ट्रे: साधारण ४०×६० सेंमीचा, बुटक्या काठाचा. मुलांना माती चाळायला द्या, पीठ चाळायच्या चाळणीने, मातीतले खडे-काड्या गेले पाहिजेत. दोन भाग माती, एक भाग बारीक वाळू. नुसती चिकणमाती वाळताना तडकते, नुसत्या वाळूत ठशाची कड ढासळते. जेमतेम २ सेंमी थर द्या. पाणी ओतू नका, फवारा. योग्य ओलावा ओळखायची खूण: बोट दाबून उचललं तर खळगा तसाच राहावा, बोटाला माती चिकटू नये आणि खळग्यात पाणी झिरपू नये. शेवटी फूटपट्टीची कड फिरवून सपाट करा.

ट्रे पाण्याच्या भांड्याशेजारी, सावलीत ठेवायचा. उन्हात तासाभरात वर पापुद्रा धरतो आणि चिमणीसारख्या हलक्या पक्ष्याचा ठसा उमटतच नाही. सकाळी लवकर मांडून दोन-तीन तासांनी बघा. रात्रभर ठेवला तर बहुधा मांजराचे किंवा उंदराचे पाय मिळतात. तेही वाईट नाही, पण मुलांना आधी सांगून ठेवा.

वाचायचं कसं? ठसे जोडीजोडीने पडलेत तर उडी, एकाआड एक पडलेत तर चाल. एकेका ठशात बहुतेक पक्ष्यांची तीन बोटं पुढे आणि एक मागे असतं. दोन पुढे, दोन मागे असा ठसा असेल तर तो या साच्याबाहेरचा आहे. बागेत जमिनीवर चालणाऱ्यांपैकी भारद्वाज तसा. पोपट, तांबट, सुतार यांचेही पाय तसेच, पण ते ट्रेमध्ये उतरण्याची आशा कमी.

अवांतर: पक्ष्याचा गुडघा उलटा असतो असं मुलं हमखास म्हणतात, मोठेही म्हणतात. तो गुडघा नाही, घोटा आहे. खरा गुडघा वर पिसांत लपलेला असतो. पक्षी कायम चवड्यावर उभा असतो, तसं मुलांना उभं राहायला सांगा, लगेच कळतं.

---

अर्धकच्चा

ट्रे आवडला. या ठशांचे साचे प्लास्टर ऑफ पॅरिसने घेता येतील ना?

---

ओली_माती

येतील. दोन भाग प्लास्टर, एक भाग पाणी. पाण्यात प्लास्टर टाकायचं, उलट केलं तर गुठळ्या होतात. पुठ्ठ्याची ३ सेंमी उंच पट्टी ठशाभोवती गोल खोचा आणि मिश्रण चमच्याच्या पाठीवरून हळू सोडा. थेट ठशावर ओतलं तर बारीक नखं पुसली जातात. अर्ध्या तासाने उचला, दुसऱ्या दिवशी ब्रशने माती काढा. चिमणीचा ठसा फार उथळ असतो, सुरुवात कावळा किंवा पारव्यापासून करा.

मात्र कालवणं आणि ओतणं मोठ्यांनीच करायचं. प्लास्टर घट्ट होताना तापतं आणि जाड गोळ्यात हात अडकला तर गंभीर भाजू शकतं. "हाताचा ठसा घेऊ या" म्हणून मुलांचे हात त्यात बुडवणं अजिबात नको. कोरडी पूडही नाकातोंडात जाते, मुलांना लांब ठेवा. उरलेलं मोरीत ओतू नका, नळी बुजते.

---

पाणवठा

ट्रेच्या शेजारच्या पाण्याच्या भांड्याचा उल्लेख आला, त्यावर सविस्तर. बागेत एकच गोष्ट करायची असेल तर दाण्यांच्या आधी पाणी ठेवा. पाण्यावर दाणे खाणारे, किडे खाणारे, फळं खाणारे, सगळे येतात.

३० ते ४० सेंमी व्यासाची मातीची पसरट थाळी घ्या. कडेला एक-दोन सेंमी आणि मध्ये जास्तीत जास्त पाच सेंमी पाणी. याहून खोल असेल तर लहान पक्षी आंघोळीला उतरत नाहीत. गुळगुळीत चिनी मातीवर पाय घसरतात, धातूचं भांडं उन्हात तापतं. मध्ये एक खडबडीत दगड अर्धा पाण्याबाहेर राहील असा ठेवा, बुलबुल त्यावरच उतरेल. भोवती दोन मीटर मोकळी जमीन हवी, नाहीतर झुडपात मांजर दबा धरतं, आणि ओला पक्षी चटकन उडू शकत नाही. मोकळ्या जागेच्या पलीकडे एखादी फांदी असावी, पिसं सुकवत बसायला.

पाणी रोज बदला आणि थाळी घासा. नुसतं बदलून भागत नाही. एडिस डासाची मादी अंडी पाण्याच्या रेषेच्या किंचित वर भांड्याच्या भिंतीला चिकटवते आणि ती कोरडी पडली तरी महिनोन्महिने तग धरतात. तुम्ही पाणी ओतता आणि पुन्हा भरता, अंडी तिथेच! उबदार हवेत अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात. ताठ ब्रश घ्या, साबण नको. शेवाळ फारच धरलं तर मोठ्यांनी एक भाग घरगुती ब्लीच आणि नऊ भाग पाणी असं वापरावं, भरपूर धुऊन थाळी उन्हात पूर्ण वाळवावी.

ब्रश मारायचं काम मुलांना खूप आवडतं (साध्या पाण्याने घासताना). त्यानंतर साबणाने हात, वीस सेकंद. पिसं, विष्ठा, माती यांना हात लागल्यावरही तेच. मेलेल्या पक्ष्याला मुलांनी हात लावायचा नाही.

---

अर्धकच्चा

पण दाणे ठेवल्याशिवाय पक्षी जवळ येणार कसे? मुलांना जवळून दिसलं पाहिजे, नाहीतर रस टिकत नाही. माझं मत दाणापात्राच्या बाजूने. बाजरी, राळे, तुकडा तांदूळ, दिवसाला दोन-तीन चमचे, दुपारपर्यंत संपतील एवढेच. पाव आणि खारट काही नको. ओले दाणे तसेच राहिले की बुरशी धरतात, ते फेकून द्यायचे. आठवड्याला पात्र धुवायचं.

---

काडीकाडी

बेत वाईट नाही, पण दाणापात्र मुलांना फक्त दाणे खाणारे पक्षी शिकवतं. त्यातही लवकरच पारवे येऊन बसतात आणि चिमण्या बाजूला पडतात. सांडलेले दाणे रात्री उंदरांना बोलावतात. एकाच जागी गर्दी झाली की विष्ठेतून रोग पसरतात.

ठेवायचंच तर जागा नीट निवडा. खिडकीपासून एक मीटरच्या आत, नाहीतर सरळ दहा मीटर लांब. मधल्या अंतरावर पक्षी वेग घेऊन काचेवर आदळतो. जवळ असेल तर तेवढा वेगच येत नाही. काचेला बाहेरून ठिपके चिकटवायचे असतील तर दोन ठिपक्यांत पाच सेंमीपेक्षा जास्त अंतर नको. मधोमध चिकटवलेलं ससाण्याचं एकच चित्र उपयोगाचं नाही, पक्षी त्याला वळसा घालून उरलेल्या काचेवर आदळतो.

दाण्यांऐवजी बागेचा एक मीटर बाय एक मीटर कोपरा झाडायचा नाही असं ठरवा. वाळलेली पानं दहा सेंमी साचू द्या, अधूनमधून पाणी शिंपडा, कीटकनाशक मारू नका. काही आठवड्यांत दयाळ आणि सातभाई पानं उलटीपालटी करताना दिसतील. मुलांनी काडीने पानं उलटून बघायचं की पक्षी नेमकं काय शोधतोय. चिमणी स्वतः दाणे खाते, पण पिल्लांना किडे-अळ्या भरवते, म्हणजे चिमण्या हव्या असतील तरी हा कोपरा लागतोच. फक्त जिथे साप-विंचू निघतात तिथे काडी लांब असावी, पायात बूट असावेत आणि पानं आधी मोठ्यांनी हलवावीत.

---

मधलीसुट्टी

चोचींचा खेळ कुणी लिहिला नाही. चिमटा, पक्कड, ड्रॉपर, चमचा घेऊन वेगवेगळं "खाणं" उचलायचं.

---

शेपटीवाला

खेळ बरा आहे, पण तो आधी घेतला तर मुलांना चिमटा लक्षात राहतो आणि पक्षी नाही. आधी निदान दोन चोची प्रत्यक्ष पाहू द्या, शिंजिराची बाकदार आणि चिमणीची आखूड-जाड, मग साहित्य काढा. ड्रॉपरसाठी अरुंद तोंडाची बाटली, तळाला पाणी. चिमट्यासाठी मातीत अर्धवट पुरलेले रबराचे तुकडे. दाणे, बिया मोजून द्या आणि मोजून परत घ्या. तीनच्या आतल्या मुलांना देऊच नका, या वयात चणा-वाटाणा नाकात जातो.

---

भिंगवाली

आवाजाचं राहिलं.

दोन्ही तळवे कानांमागे, वाटीसारखे. समोरचा आवाज लगेच मोठा होतो. तळवे कानांपुढे, मागे वळवून धरले तर मागचा. एवढ्यावर मुलं दोन मिनिटं खूश असतात.

मग आवाजाचा नकाशा. जाड कागद, मधोमध फुली म्हणजे मी. तीन मिनिटं गप्प बसायचं, आवाज आला त्या बाजूला खूण करायची: जवळचा फुलीजवळ, लांबचा कडेला. किरकिर असेल तर नागमोडी रेघ, टुकटुक असेल तर ठिपके. लिहायचं काहीच नाही. पाचच्या आतल्यांनी नुसती बोटं दुमडायची, प्रत्येक नव्या आवाजाला एक. तांबट मात्र नकाशात घोळ घालतो. तो चोच मिटून, गळा फुगवून टुक-टुक करतो आणि मान फिरवत राहतो, त्यामुळे आवाज जागा बदलतोय असं वाटतं. चार मुलांच्या कागदांवर तो चार ठिकाणी निघतो. पुसायला लावू नका, चौघांना चार दिशांनी जाऊन झाड शोधू द्या.

मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बोलावणं नको, विशेषतः विणीच्या काळात. नराला वाटतं हद्दीत दुसरा घुसला, तो घरटं, खाणं सोडून त्याला शोधत बसतो. मर्लिनसारखं आवाज ओळखणारं ॲप मोठ्यांनी नंतर खात्रीपुरतं वापरावं. बागेतच काढलं की सगळी डोकी पडद्यावर.

अवांतर: "कुहू" करणारा नर असतो, काळा, लाल डोळ्यांचा. गाण्यांत श्रेय कोकिळेला मिळतं. ती तपकिरी, ठिपकेदार आणि तिचा आवाज तीक्ष्ण, किक-किक-किक. मुलं तिला वेगळाच पक्षी समजतात आणि पाहिलेल्यावरून त्यांचं बरोबरच आहे. चूक म्हणू नका, दोघांना एकाच झाडावर दाखवायची संधी शोधा.

---

पाणवठा

मोजणीबद्दल थोडक्यात. एकच चिमणी दहा वेळा आली की मुलं दहा मोजतात. म्हणून "एका नजरेत जास्तीत जास्त किती" एवढंच मोजायचं. वाटीत खडे ठेवा, एकदम तीन दिसल्या तर तीन खडे. पुढच्या वेळी दोन दिसल्या तर काही करायचं नाही, पाच दिसल्या तर आणखी दोन. फेब्रुवारीत चार दिवस चालणारी 'ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट' ही मोजणी १९९८ साली सुरू झाली. तिच्यात एका जागी निदान पंधरा मिनिटं मोजायचं असतं. लहानांसाठी पाच-पाच मिनिटांच्या तीन पाळ्या करा, नोंद मोठ्यांनी भरा.

---

अर्धकच्चा

एक तातडीचा प्रश्न, मुलं बागेत असली की हमखास उद्भवतो. खाली पडलेलं पिल्लू सापडलं तर?

---

भिंगवाली

आधी पिसं बघा.

उघडं किंवा नुसत्या लवेचं, डोळे धड न उघडलेलं असेल तर ते घरट्यातलं. घरटं दिसत असेल आणि हात पोचत असेल तर मोठ्यांनी उचलून परत ठेवायचं. "माणसाचा हात लागला की आई टाकून देते" हे खरं नाही, वासावरून पिल्लू नाकारण्याइतकं बहुतेक पक्ष्यांचं घ्राणावर चालत नाही. घरटंच पडलं असेल तर तळाला भोकं असलेली छोटी टोपली घ्या, सुकं गवत घाला, जवळच्या फांदीला सावलीत बांधा आणि दहा मीटर मागे सरा. तासभर, दीड तास लक्ष ठेवा. कुणी आलंच नाही तर पक्षी-बचावाचं काम करणाऱ्यांना फोन.

अंगभर पिसं, आखूड शेपटी आणि टुणटुण उड्या मारत असेल तर ते उडायला शिकतंय. त्याला घरट्यात कोंबू नका, लगेच पुन्हा बाहेर उडी मारेल. आई-बाप जवळपासच असतात आणि जमिनीवरच भरवतात. अगदी वाटेत असेल तर दोन-तीन मीटरवरच्या झुडपाखाली सरकवा.

दोन्ही वेळा तोंडात पाणी किंवा दूध घालायचं नाही. पक्ष्याची श्वासनलिका जिभेच्या मुळाशीच उघडते, थेंब सरळ फुफ्फुसात जाऊ शकतो. मुलांना काम हवंच असतं, तेव्हा त्यांना राखणदार करा: एकाने मांजर आत कोंडायचं, दुसऱ्याने फाटक लावायचं, बाकीच्यांनी भिंतीला पाठ लावून बघायचं की कोण भरवायला येतं आणि चोचीत काय आणतं.